तेज ताऱ्याचं, छाप दीर्घिकेची

काल्हेरमधून जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडवर रात्री रस्ता ओलांडायचा असला, की समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा किती लांब आहे हे आपण क्षणात ठरवतो. ट्रकचे दिवे साधारण सारख्याच ताकदीचे असतात, हे आपण मनात धरूनच चालतो. म्हणून जो मंद दिसतो तो लांब आणि जो डोळे दिपवतो तो जवळ. पण दिवा जुना होऊन मंदावला असेल किंवा गोदामांसमोर उडालेली धूळ मध्ये आली असेल, तर हा अंदाज चुकतो. विश्वाची अंतरं मोजणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांपुढे गेली तीस-पस्तीस वर्षं हाच पेच आहे. त्यांचा दिवा म्हणजे स्फोट पावणारा एक विशिष्ट प्रकारचा तारा. तो कोट्यवधी प्रकाशवर्षांवरूनही दिसतो आणि त्याच्या तेजावरून त्याचं अंतर काढता येतं. मात्र हा तारा कोणत्या दीर्घिकेत फुटला, ती दीर्घिका मोठी की लहान, तिच्यात नवे तारे जन्मत आहेत की सगळे म्हातारे झाले आहेत, तिथं धूळ किती आहे, या सगळ्यांची छाप त्या तेजावर पडते. ही छाप ओळखल्याशिवाय विश्वाचं मोजमाप पुरं होत नाही.

एकसारख्या दिव्याची आशा

सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर आकसतो आणि पृथ्वीएवढ्या आकाराचा, अतिशय घन गोळा उरतो. त्याला श्वेतबटू म्हणतात. 1930 सालच्या जुलैअखेरीला मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी त्या प्रवासात एक गणित मांडलं. श्वेतबटूच्या वस्तुमानाला वरची मर्यादा असते, असं त्यातून निघालं. पुढे ही मर्यादा सूर्याच्या सुमारे 1.4 पट ठरली आणि तिला चंद्रशेखर मर्यादा हे नाव मिळालं.

श्वेतबटू जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढून घेत या मर्यादेच्या जवळ पोहोचला, किंवा दोन श्वेतबटू एकमेकांवर आदळले, तर त्यातल्या कार्बन-ऑक्सिजनचं अणुज्वलन सुरू होतं आणि काही सेकंदांत अख्खा तारा उधळला जातो. हा ‘प्रकार एक-ए’चा सुपरनोव्हा. त्याच्या वर्णपटात हायड्रोजन नसतो, सिलिकॉनची ठळक खूण मात्र असते. या स्फोटात सूर्याच्या वस्तुमानाच्या निम्म्याहून थोडं जास्त किरणोत्सारी निकेल-56 तयार होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे सहा दिवस. त्यातून कोबाल्ट-56 बनतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे 77 दिवस, आणि शेवटी स्थिर लोह उरतं. आपल्याला आठवडेच्या आठवडे दिसणारा उजेड या क्षयातूनच येतो. तेव्हा निकेल किती बनलं, यावर स्फोट किती तेजस्वी दिसणार हे ठरतं.

सगळे श्वेतबटू एकाच मर्यादेपाशी फुटत असतील तर निकेलही सारखंच बनेल आणि तेजही सारखंच असेल, अशी सुरुवातीची आशा होती. 1991 साली आकाशानंच ती मोडून काढली.

1991चे दोन स्फोट

त्या वर्षी कन्या राशीच्या दिशेला, वेगवेगळ्या दीर्घिकांत, याच प्रकारचे दोन सुपरनोव्हा दिसले. पहिला ‘1991टी’. तो एनजीसी 4527 या सर्पिल दीर्घिकेत फुटला आणि नेहमीपेक्षा जास्त तेजस्वी होता. दुसरा ‘1991बीजी’. तो एम 84 या लंबवर्तुळाकार दीर्घिकेत फुटला आणि कमालीचा मंद होता. आकाशातलं तेज ‘प्रत’ या मापात सांगतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद. 2.5 प्रतींचा फरक म्हणजे तेजात दहापट फरक. निळ्या प्रकाशात ‘1991बीजी’ नेहमीच्या स्फोटापेक्षा सुमारे 2.5 प्रतींनी मंद होता. ज्याला सगळे एकसारखा दिवा समजत होते, त्यात एवढी तफावत निघाली.

यातून वाट काढली ती चिलीतल्या सेरो तोलोलो वेधशाळेच्या मार्क फिलिप्स यांनी. 1993 साली त्यांनी दाखवून दिलं, की तेजस्वी स्फोट सावकाश विझतो आणि मंद स्फोट झटकन विझतो. स्फोट सर्वाधिक तेजाला पोहोचल्यावर पुढच्या पंधरा दिवसांत तो किती प्रतींनी उतरला, एवढंच मोजायचं. ‘1991टी’ सुमारे एका प्रतीनं उतरला, ‘1991बीजी’ जवळजवळ दोन प्रतींनी. या उतारावरून मूळचं तेज किती असावं, ते सांगता येतं. त्याला रंगाची दुरुस्ती जोडली, म्हणजे धुळीमुळे किंवा तापमानामुळे स्फोट किती लालसर दिसतो तेही जमेस धरलं, की अंतर सहा-सात टक्क्यांपर्यंत अचूक निघतं. याच मापानं 1998-99 साली दोन स्वतंत्र गटांनी विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचं जाहीर केलं. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना त्यासाठी 2011 साली भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

दीर्घिकेची छाप मात्र याआधीच दिसू लागली होती. चिलीतच मारिओ हामुई आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात गोळा केलेल्या निरीक्षणांत एक गोष्ट लख्ख दिसत होती. सावकाश विझणारे तेजस्वी स्फोट तरुण ताऱ्यांनी भरलेल्या सर्पिल दीर्घिकांत जास्त होतात, तर लवकर विझणारे मंद स्फोट म्हाताऱ्या ताऱ्यांच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत. म्हणजे 1991चे ते दोन स्फोट आपापल्या जागी शोभणारेच होते.

दुरुस्तीनंतरही उरलेला फरक

फिलिप्स यांच्या दुरुस्तीत दीर्घिकेचा हा परिणाम आपोआप धुऊन निघतो, असं अनेकांनी धरलं होतं. 2010 साली तीन वेगवेगळ्या गटांनी ते तपासलं. पॅट्रिक केली, हुबर्ट लाम्पाइट्ल आणि मार्क सुलिव्हन यांच्या नावानं ते शोधनिबंध ओळखले जातात. तिघांचाही निष्कर्ष एकाच दिशेचा निघाला. उताराची आणि रंगाची दुरुस्ती केल्यावरही, ज्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचं एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे 1,000 कोटी पटींहून जास्त आहे, तिथले स्फोट थोडे अधिक तेजस्वी ठरतात. हलक्या दीर्घिकांतले थोडे मंद ठरतात. फरक साधारण 0.06 ते 0.1 प्रतीचा. याला वस्तुमानाची पायरी म्हणतात.

इथं वाचकानं थोडं थांबायला हवं, कारण दोन विधानं एकमेकांविरुद्ध जाताना दिसतात. कच्च्या निरीक्षणात मोठ्या, म्हाताऱ्या दीर्घिकांतले स्फोट मंद असतात. दुरुस्तीनंतर तेच जास्त तेजस्वी ठरतात. दोन्ही खरं आहे. मोठ्या दीर्घिकेतला स्फोट लवकर विझतो, म्हणून आपण त्याला मूळचा मंद समजून त्याच्या तेजात भर घालतो. ही भर जरुरीपेक्षा किंचित जास्त पडते. तरुण दीर्घिकेत नेमकं उलट होतं. एकच सूत्र सगळ्या स्फोटांना सारखंच लावलं, की दोन प्रकारच्या परिसरांत ते दोन बाजूंना चुकतं.

0.1 प्रत म्हणजे तेजात सुमारे 10 टक्के आणि अंतरात सुमारे 5 टक्के. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ज्या निरीक्षणांतून वेग घेणारं प्रसरण उघड झालं, त्यांत दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा साधारण 0.2 ते 0.25 प्रतींनी मंद दिसले होते. मूळ शोधच एवढ्या फरकावर उभा असेल, तर 0.1 प्रतीकडे डोळेझाक करून चालत नाही. म्हणून 2010 नंतरच्या मोठ्या विश्लेषणांत प्रत्येक स्फोटाबरोबर त्याच्या दीर्घिकेचं वस्तुमानही नोंदलं जातं.

दीर्घिकेचं वस्तुमान कसं काढतात? वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून दीर्घिकेचे फोटो घेतात. तरुण, जड तारे निळे आणि अल्पायुषी असतात, तर हलके आणि म्हातारे तारे लालसर. दीर्घिकेचा एकूण रंग आणि एकूण प्रकाश यांवरून तिथं कोणत्या वयाचे तारे किती आहेत, याचा हिशेब मांडता येतो. मग एक पाऊल पुढे टाकून अख्खी दीर्घिका सोडायची आणि जिथं स्फोट झाला त्या ठिकाणाभोवतीचे काही हजार प्रकाशवर्षांचेच ठिपके मोजायचे. ‘निअरबाय सुपरनोव्हा फॅक्टरी’ या प्रकल्पातले मिकाएल रिगो आणि सहकारी यांनी 2013 साली हे केलं. स्फोटाच्या जागी तारे जन्मत आहेत का, हे त्यांनी तापलेल्या हायड्रोजनच्या प्रकाशावरून पाहिलं. शांत जागेतले स्फोट आणि ताराजन्म चाललेल्या जागेतले स्फोट यांच्यात दुरुस्तीनंतर सुमारे 0.09 प्रतीचा फरक निघाला.

कुरुंदवाडहून पालोमारला

असे हिशेब पक्के व्हायचे तर शेकड्यांनी नव्हे, हजारांनी स्फोट हवेत, तेही एकाच दुर्बिणीनं, एकाच पद्धतीनं टिपलेले. ते मिळवून देणाऱ्या कामाचा एक धागा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडपर्यंत येतो. 1956 साली तिथं जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत प्राध्यापक झाले. आकाशात अचानक उजळून विझणाऱ्या वस्तू एकेकट्या शोधण्याऐवजी अख्खं आकाश पुन:पुन्हा टिपून त्या चाळून काढायच्या, ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या 1.2 मीटर व्यासाच्या जुन्या दुर्बिणीवर त्यांनी 2009 साली ‘पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी’ उभी केली. पुढे 2018 पासून त्याच दुर्बिणीवर ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’, म्हणजे झेडटीएफ, सुरू झाली. 1934 साली वॉल्टर बाडे यांच्यासह सुपरनोव्हाची कल्पना मांडणाऱ्या फ्रिट्झ झ्विकी यांचं नाव तिला दिलं आहे. 2024 सालचा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार कुलकर्णींना मिळाला.

या पद्धतीची ताकद एका स्फोटात नीट दिसते. 24 ऑगस्ट 2011 रोजी पालोमारच्या फोटोंत सप्तर्षीच्या दिशेला, एम 101 या सर्पिल दीर्घिकेत एक नवा मंद ठिपका आढळला. आदल्या रात्री तिथं काहीच नव्हतं. पीटर न्युजंट यांच्या गटानं तो ओळखला आणि इतर दुर्बिणींना लगेच कळवलं. मागचा हिशेब केल्यावर स्फोटाला तेव्हा अर्धा दिवसही झाला नव्हता, असं निघालं. हाच ‘2011एफई’. अंतर सुमारे 2.1 कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे या मोजमापात अगदी शेजार. त्याच्या पहिल्या तासांतल्या प्रकाशावरून फुटणारा तारा अतिशय लहान, श्वेतबटूसारखाच होता, याला भक्कम आधार मिळाला. त्याच एम 101मध्ये मे 2023 मध्ये आणखी एक सुपरनोव्हा दिसला. तो मात्र श्वेतबटूचा नव्हता, स्वतःच्या भारानं गाभा कोसळलेल्या जड ताऱ्याचा होता. एकाच दीर्घिकेत म्हातारे श्वेतबटू आणि अल्पायुषी जड तारे असे दोन्ही प्रकार फुटतात, कारण सर्पिल दीर्घिकेत सगळ्या वयाचे तारे एकत्र नांदतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत जड तारे केव्हाच संपलेले असतात, म्हणून तिथं दुसऱ्या प्रकारचा स्फोट जवळजवळ दिसतच नाही.

झेडटीएफचा कॅमेरा एका फोटोत 47 चौरस अंश आकाश टिपतो. त्यात पौर्णिमेची सव्वादोनशेहून जास्त चंद्रबिंबं मावतील. मार्च 2018 ते डिसेंबर 2020 या काळात टिपलेले ‘प्रकार एक-ए’चे 3,628 स्फोट या प्रकल्पानं अभ्यासासाठी खुले केले आणि त्यांवरचे शोधनिबंध 2025 साली प्रसिद्ध झाले. त्यांतून दोन गोष्टी ठळक झाल्या. लवकर विझणाऱ्या स्फोटांचा वेगळा गट जवळजवळ फक्त म्हाताऱ्या परिसरात आढळतो, तर तरुण परिसरात सावकाश विझणाऱ्यांचाच एक गट दिसतो. आणि दुरुस्तीनंतरही परिसरामुळे उरणारा फरक आधी वाटला होता त्याहून मोठा, सुमारे 0.15 प्रतीचा आहे.

हे काम आपल्या घराजवळही चालतं. काल्हेरहून खाडी ओलांडून ठाणं मागे टाकलं की पवईला आयआयटी मुंबई लागते. ही संस्था आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून लडाखमधल्या हानले इथं 70 सेंटिमीटर व्यासाची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण चालवतात. ती स्वयंचलित आहे. कॅलिफोर्नियात दिवस उजाडला की स्फोटावरची नजर अशा दुसऱ्या रेखांशावरच्या दुर्बिणींकडे सोपवावी लागते. स्फोटाचा उतार अचूक काढायचा तर मधल्या रात्री गाळून चालत नाही.

छोट्या दीर्घिकेतले महातेजस्वी

दीर्घिकेची छाप फक्त श्वेतबटूंच्या स्फोटांवरच पडते असं नाही. रॉबर्ट क्विम्बी, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 2011 साली ‘नेचर’मध्ये सुपरनोव्हांचा एक नवाच वर्ग मांडला. त्यांत हायड्रोजन नसतो आणि तेज नेहमीच्या सुपरनोव्हापेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त असतं. असे स्फोट आपल्या आकाशगंगेसारख्या भरभक्कम दीर्घिकांत क्वचितच दिसतात. ते बहुधा बुटक्या, मंद दीर्घिकांत होतात. तिथल्या वायूत कार्बन, ऑक्सिजन, लोह अशी जड मूलद्रव्यं कमी असतात. या मूलद्रव्यांच्या आधारानं जड ताऱ्याचा प्रकाश त्याचे वरचे थर बाहेर ढकलत असतो. ती कमी असली की तारा आपलं वस्तुमान आणि स्वतःभोवतीचा वेगवान फेर शेवटपर्यंत टिकवून ठेवतो. अशा ताऱ्याच्या गाभ्यातून जोरात फिरणारा, प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा उरू शकतो. तो आपली ऊर्जा बाहेर फेकून स्फोटाला आतून उजळवतो, असं सध्याचं महत्त्वाचं स्पष्टीकरण आहे. या ठिकाणी लहान दीर्घिका मोठं तेज देते आणि त्याचं मूळ तिच्या रसायनात आहे.

वय, मूलद्रव्यं की धूळ?

श्वेतबटूंच्या बाबतीत पायरीचं कारण अजून वादात आहे. तीन दावेदार आहेत.

पहिलं वय. तरुण परिसरात फुटणारा श्वेतबटू काही कोटी ते शंभरेक कोटी वर्षांचा असतो, म्हाताऱ्या परिसरातला कित्येक अब्ज वर्षांचा. श्वेतबटू नेहमी चंद्रशेखर मर्यादेपाशीच फुटतो असं नाही, हे आता पुष्कळांना मान्य आहे. तो मर्यादेच्या खालीही फुटू शकतो आणि तसं झालं तर त्याच्या वस्तुमानावर निकेलचं प्रमाण ठरतं. तरुण ताऱ्यांतून जास्त जड श्वेतबटू आले तर तिथले स्फोट मूळचे तेजस्वी असणार.

दुसरं रसायन. जड मूलद्रव्यांनी समृद्ध ताऱ्यात न्यूट्रॉनांचं प्रमाण किंचित जास्त असतं. त्यामुळे स्फोटात किरणोत्सारी निकेल-56 ऐवजी स्थिर निकेल जास्त बनतं आणि तेज घटतं.

तिसरी धूळ. दीर्घिकेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लाल कमी. पण लाली आणि मंदपणा यांचं नातं प्रत्येक दीर्घिकेत सारखं नसतं. ते धुळीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असतं. डिलन ब्राउट आणि डॅन स्कोलनिक यांनी 2021 साली असा दावा केला, की जड आणि हलक्या दीर्घिकांतल्या धुळीचा स्वभावच वेगळा आहे आणि वस्तुमानाची पायरी त्यातूनच निघते.

धुळीचा प्रश्न मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची आठवण करून देतो. 1938 साली कोल्हापुरात जन्मलेले आणि मे 2025 मध्ये निधन पावलेले नारळीकर पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक. दूरचे सुपरनोव्हा मंद दिसतात म्हणजे प्रसरण वेग घेतंय, या निष्कर्षावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास पर्याय मांडला. सुपरनोव्हांतून बाहेर पडलेल्या लोखंडाचे केसासारखे बारीक, लांबट कण दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत पसरले असतील आणि तेच प्रकाश मंद करत असतील. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हा पर्याय स्वीकारला नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या प्रकाशाची, म्हणजे वैश्विक पार्श्वप्रारणाची, आणि दीर्घिकांच्या विखुरणीची मोजमापं वेग घेणाऱ्या प्रसरणाच्या बाजूनं उभी राहिली. आज ज्या धुळीबद्दल वाद चालू आहे ती वेगळी, स्फोट झालेल्या दीर्घिकेच्या आतली. तरीही प्रश्न विचारण्याची ती शिस्त आजच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे. दिवा मंद दिसला तर अंतराचं उत्तर देण्याआधी मध्ये काय आलंय ते विचारायचं, हे नारळीकरांनी ठामपणे केलं आणि त्याबद्दल मला त्यांचं ऋण वाटतं.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण ओळखणं महत्त्वाचं अशासाठी, की दूरवर पाहणं म्हणजे भूतकाळात पाहणं. पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिका सरासरीनं तरुण होत्या. पायरीचं कारण ताऱ्याचं वय असेल, तर जवळच्या आणि दूरच्या स्फोटांना एकच दुरुस्ती लावणं चुकीचं ठरतं. चूक अंतराबरोबर वाढत जाते आणि ती थेट प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेच्या हिशेबात शिरते. दक्षिण कोरियातल्या योन्सेई विद्यापीठाचे यंग-वूक ली आणि सहकारी यांनी 2025 साली हाच मुद्दा टोकाला नेला. वयाची दुरुस्ती केल्यावर आजचं प्रसरण वेग घेत नसून मंदावत आहे, असा त्यांचा दावा. तो अनेकांना मान्य नाही आणि त्यावर वाद झडतो आहे. पण त्या दाव्याचा सगळा भार स्फोट झालेल्या दीर्घिकांच्या वयावर आहे.

विश्व आज किती वेगानं प्रसरतंय, या आकड्याचंही तसंच. सुपरनोव्हांच्या आधारे हा वेग दर मेगापार्सेकला, म्हणजे दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला सुमारे 73 किलोमीटर येतो. पार्श्वप्रारणावरून तो सुमारे 67 येतो. सुपरनोव्हाचं माप जुळवून घेण्यासाठी ज्या जवळच्या दीर्घिका वापरतात, त्यांत सेफीड नावाचे स्पंदन पावणारे तरुण तारे असावे लागतात. म्हणजे त्या दीर्घिका आपसूक तरुण सर्पिल प्रकारच्या निघतात. मग दूरच्या दीर्घिकाही त्याच जातीच्या निवडल्या नाहीत, तर माप आणि मोजायची वस्तू यांचा मेळ बसत नाही. म्हणून रीस यांच्या गटानं 2022 च्या कामात दूरच्या दीर्घिकाही सर्पिल प्रकारच्याच घेतल्या. तरीही 73 आणि 67 यांच्यातली दरी मिटली नाही.

चिलीतल्या वेरा रुबिन वेधशाळेच्या 8.4 मीटरच्या दुर्बिणीचे पहिले फोटो जून 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणात सुपरनोव्हांचे आकडे आजच्या कितीतरी पट वाढणार आहेत. त्यामुळे यापुढे तुटवडा स्फोटांचा नसेल, दीर्घिकांच्या नीट ओळखीचा असेल: त्यांचे वर्णपट, त्यांच्या ताऱ्यांची वयं, त्यांच्या धुळीचा स्वभाव. अवरक्त प्रकाशात धूळ फारशी आड येत नाही. पायरी तिथंही तशीच टिकली तर धूळ निर्दोष ठरेल, नाहीशी झाली तर दोषी. आजवरच्या अवरक्त निरीक्षणांचे कौल दोन्ही बाजूंना गेले आहेत. झेडटीएफसारख्या प्रकल्पांनी टिपलेले स्फोट कुणालाही अभ्यासता येतात, त्यामुळे पुणं, मुंबई किंवा भिवंडीतला भौतिकशास्त्राचा विद्यार्थीही या प्रश्नाला हात घालू शकतो. त्यानं स्फोटाच्या आलेखाइतकंच लक्ष त्याच्या शेजारी पसरलेल्या त्या अंधूक दीर्घिकेकडे द्यावं, कारण विश्वाच्या वयाचा आणि भवितव्याचा पुढचा नेमका आकडा तिच्यातून यायचा आहे.